अकरा महिन्यांच्या बाई आणि न झालेल्या निरोपाची हकीकत

श्रीशारदा साह्य असो, फळा काळा असो, खडू सुका असो, आणि वाचणाराचे चित्त घटकाभर थाऱ्यावर असो. शालिवाहन शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख वद्य अष्टमी, शुक्रवार, ते दिवशी एका राज्यात एक निरोप व्हावयाचा होता तो जाहला नाही, त्याची ही हकीकत. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु रागावले कोणी फारसे नाही, रुसले मात्र पुष्कळ. राज्याचे नाव विचाराल तर सांगणार नाही. सांगितले तर तेथील मंडळी उद्या दारात येतील आणि अमक्याचे नाव आधी का घातले, आमचे मागून का, ऐसा तंटा मांडतील, आणि तो ताप या वयात आम्हांस सोसवत नाही. इतकेच ध्यानी घ्यावे की राज्य लहान. तीन वाड्या, एक ओढा, एक मारुती, एक चावडी जिला हल्ली ग्रामपंचायत म्हणतात, आणि दोन खोल्यांची एक शाळा. शाळेस मुले अठरा, इयत्ता चार, आणि या सगळ्यांवर बाई एक.

त्या बाईंचे नाव मंजुळाबाई डोईफोडे. आडनाव ऐसे, परंतु आठ वर्षांत कोणा पोराचे डोईस बोटसुद्धा लाविले नाही. बाई कंत्राटी होत्या. कंत्राट म्हणजे काय, तर सरकारचे म्हणणे, तुम्ही आमच्या आहां आणि नाहीही. एक जुलैस नेमणूक व्हावी आणि एकतीस मेस संपावी, ऐसे अकरा महिने. बारावा महिना मधे कोरडा सोडावयाचा, की बाईंनी उद्या मी कायमची आहे म्हणू नये. तो कोरडा महिना नेमका जून. आणि शाळा उघडते पंधरा जूनला. म्हणजे पहिलीची नवी पोरे आईचा पदर धरून, नाक वाहत, भोकाड पसरीत जेव्हा शाळेत येतात, तेव्हा बाई आपल्या माहेरी बसून लोणच्याच्या कैऱ्या चिरीत असत. बाईंनी आठ वर्षांत शेकडो पाढे घेतले, परंतु एका लेकराचा शाळेचा पहिला दिवस म्हणून पाहिला नाही. जुलैत येत तो पोरे रडून रडून गप्प जाहलेली असत. त्या पंधरा दिवसांत त्यांस कोण सांभाळी, तर शाळेची खिचडी रांधणारी सोनाक्का. शेजारच्या शाळेचे गुरुजी दिवसाआड डोकावून हजेरी मांडीत, आणि बाकी कारभार सोनाक्का एका मांडीवर एक आणि दुसऱ्या मांडीवर दोन घेऊन चालवी. बाईंस याचे फार वाटे. परंतु बोलून दाखविणार कोणास, म्हणून बोलत नसत.

आता या राज्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढला सगळा घोळ तीतूनच निपजला. पहिल्या वर्षी बाईंचे कंत्राट संपले तेव्हा मंडळींस वाटले की बाई खरोखरीच चालल्या, म्हणून शाल आणिली, नारळ आणिला, भाषण केले, बायांनी डोळे पुसले. आणि एक जुलैस पाहतात तो बाई एसटीतून उतरताहेत. मग पुन्हा शाल, पुन्हा नारळ, पुन्हा भाषण, या खेपेस स्वागताचे. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षापासून सर्वांस ठाऊक की बाई परत येणार, तरी निरोप काही चुकविला नाही, कारण राज्यात लग्नसराई सोडली तर करमणूक ती कोणती? शाल मात्र तीच. चावडीच्या कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवीत, मे अखेरीस पांघरवीत, बाई घडी करून परत देत, जुलैत पुन्हा पांघरवीत. आणि गंमत ऐसी की शिक्षणसुभेदारांच्या कचेरीतून एकदा विचारणा जाहली, की कंत्राट खरेच संपले यास पुरावा काय? तेव्हा इकडून निरोपाचा अहवाल फोटोसह धाडिला. सुभेदारांस तो इतका पसंत पडिला की त्यांनी नियमच केला. शाल, श्रीफळ आणि भाषण, ऐसा तिन्ही कलमांचा निरोप-अहवाल जोडल्याविना कोणतेही कंत्राट संपले ऐसे धरू नये. सही, शिक्का, जावक क्रमांक, सर्व काही.

भाषण करणार कोण, तर माणिकशेठ दळवी. किराण्याचे दुकान, पांढरी टोपी, आवाज ऐसा की ओढ्यापलीकडली गुरे मान वर करीत. या राज्यात ठराव मंजूर करावयाचा म्हणजे हात वर करीत नाहीत, टाळी वाजवितात. आणि माणिकशेठ बोलले की टाळी आपोआप वाजते. बोलणे कशाचे जाहले हे मंडळींस मागाहून घरी जाऊन कळते. परंतु शेठजींचे एक गुपित होते जे सर्वांस ठाऊक होते. शेठजींची शाळा तिसरीत सुटली, म्हणून ते भाषण लिहून काढीत आणि शुद्ध करावयास मंजुळाबाईंकडेच धाडीत. म्हणजे बाई आपल्याच निरोपाचे भाषण लाल शाईने तपाशीत, ऱ्हस्वदीर्घ नीट करीत, आणि आपली स्तुती फार जाहली तेथे काट मारून समासात लिहीत, इतके नको. शेठजी ते तसेच्या तसे वाचीत. भाषणाचा शेवट तिसऱ्या वर्षापासून एकच, की बाई, एक जुलैस एसटीच्या थांब्यावर वाट पाहतो. हे वाक्य आले की बाया हमखास रडत आणि पोरे हमखास हसत.

ऐसे बरे चालले असता सरत्या फाल्गुनात शिक्षणसुधारणेचे फर्मान आले. त्यात लिहिले, की ज्या शाळेचा पट विसाच्या आत ती शाळा मोठ्या गावच्या मोठ्या शाळेत मिळवावी, तेथे संगणक आहेत, प्रयोगशाळा आहे, मुलांस न्यावयास पिवळी बस येईल. ज्या राज्यास आपली शाळा राखणेच असेल त्याने बाईंचा निम्मा पगार आपल्या निधीतून द्यावा, आणि तसा ठराव चालू कंत्राट संपण्याआधी धाडावा. कंत्राट संपले की कुलूप. फर्मान वाचून सरपंच केरबानाना वाघमोडे यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचिले, पुन्हा पुसला. नाना माणूस भला, कोणाचे मन मोडवत नाही, म्हणून कोणताच निर्णय होत नाही. त्यांनी ग्रामसभा बोलाविली.

सभेस अवघे राज्य लोटले. नाना म्हणाले, निधी आहे परंतु तो कमानीसाठी धरिला आहे. कमान म्हणजे वेशीवरची स्वागतकमान, जीवर माणिकशेठांच्या कैलासवासी वडिलांचे नाव यावयाचे होते, आणि तिचे दोन खड्डे खणूनही जाहले होते. एक म्हणाला शाळा राहावी. दुसरा म्हणाला राहावी, पण इंग्रजी पाहिजे. तिसरा म्हणाला आमची पोरे शिकून मुंबईस गेली, आता शाळा कोणासाठी? त्यावर चौथा म्हणाला, तुमची गेली म्हणून आमची काय ओढ्यात सोडावी? मग पगार सरकारने द्यावा की गावाने, कंत्राटी बाई बऱ्या की कायमच्या, कायमचे जाहले की गुरुजी झोपतात की नाही, यावर दोन तास ऐसे रण माजले की चहा दोनदा उकळला आणि दोनदा कोणी प्याला नाही. मंजुळाबाई मागे खांबाशी बसून ऐकत होत्या. आपल्याविषयी इतके बोलणे चालले असता माणसाने कोणीकडे पाहावे हे त्यांस कळेना, म्हणून त्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसल्या.

आणि मग माणिकशेठ उठिले. ते बोलिले अर्धा तास. जग कोठे चालले, आपण कोठे, पोरांस संगणक दिसला पाहिजे, पिवळ्या बसमध्ये बसून आपली लेकरे साहेबांसारखी जातील आणि त्या कमानीखालून जातील, आणि कमानीवर माझ्या बापाचे नाव असेल, ज्यास आयुष्यात सही येत नव्हती. हे शेठजी मनापासून बोलिले, यात लबाडी काही नव्हती. आणि टाळ्यांचा ऐसा कडकडाट जाहला की नानांनी घाईने लिहून घेतिले, ठराव मंजूर, निधी कमानीस, शाळा मोठ्या शाळेत. सभा उठली. वाटेत सोनाक्का डोईवर पातेले घेऊन चालली होती, तिने नानांस गाठिले आणि विचारिले, "नाना, ती पिवळी बस कुठवर येनार?" नाना म्हणाले, डांबरीपर्यंत. "आन् डांबरी कुठवर येती?" नाना म्हणाले, ओढ्याच्या पलीकडे. "मंग पावसाळ्यात सा वर्साचं पोर वढ्यातनं कसं जानार?" नानांनी चष्मा पुसला. सोनाक्का म्हणाली, "टाळ्या तर तुमीबी वाजवल्या." नाना म्हणाले, "तू पन वाजवल्यास की, अक्का." सोनाक्का म्हणाली, "व्हय. लई छान बोलला मेला." आणि तेव्हा कोठे राज्यास कळले की आपण आपल्याच हाताने काय करून बसलो. 

ठराव फिरवावा म्हटले तर पुन्हा ग्रामसभा पाहिजे, ग्रामसभेस सात दिवस आधी दवंडी पाहिजे, आणि दवंडी द्यावयाची तर शेठजींस आधी विचारिले पाहिजे, नाहीतर ते दुखावतील. ऐसा विचार करीत नानांनी वैशाखातले एकेक दिवस घालविले. आज विचारतो, उद्या विचारतो, लग्न आटपू द्या, ऊन उतरू द्या, ऐसे होता होता कंत्राटाचा शेवटला दिवस उजाडला, ती वैशाख वद्य अष्टमी. नानांस त्या दिवशी कोणी शिव्या दिल्या नाहीत, यावरून राज्याची मर्यादा केवढी ते कळावे. आम्ही असतो तर दिल्या असत्या.

निरोप शाळेच्या पडवीत मांडिला. खुर्च्या चार, सतरंजी एक, अठरा मुले पुढे, बाया मागे, पुरुष कुडाला टेकून. शाल कपाटातून निघाली, तिला डांबरगोळ्यांचा वास तोच. सुभेदार अच्युतराव सबनीस यांची स्वारी जातीने आली होती, कारण अहवाल हातोहात न्यावा आणि कुलूपही हातोहात लावावे, म्हणजे पुन्हा खेप नको. माणूस कोरडा, परंतु दुष्ट नव्हे. नियमाने उठे, नियमाने बसे, आणि चहात साखर दीड चमचा घेई. बाई नेहमीची जांभळी साडी नेसून आल्या होत्या. सामान आदल्या दिवशीच बांधिले होते, त्यात मुलांनी काढिलेल्या चित्रांची एक गुंडाळी होती, ती हातातच ठेविली. यंदा निरोप खरा आहे हे मुलांस कोणी सांगितले नव्हते, परंतु मुले हसत नव्हती.

माणिकशेठ उठिले. भाषण त्यांनी आठ दिवस आधी बाईंकडे धाडिले होते, आणि ते सकाळीच शुद्ध होऊन आले, ते न उघडता खिशात घातलेले. उघडून पाहावे कशास? वाक्ये तीच, फक्त साल बदलिले. त्यांनी कागद काढिला, खाकरले आणि सुरू केले. मंडळी ऐकत होती, आवाज भरदार, पल्लेदार, बाईंची शिस्त, बाईंची माया, ओढ्याला पूर आला तेव्हा पोरांना खांद्यावर घेऊन आणणाऱ्या बाई. सर्व नेहमीप्रमाणे. मग शेवट आला. शेठजींची सवय ऐसी की कागदावर जे असेल ते वाचावयाचे, काळे असो वा लाल. ते वाचू लागले, "आणि बाई, एक जुलैस एसटीच्या थांब्यावर," येथवर आले, आणि पुढे त्या ओळीवर लाल रेघ होती, आणि समासात बाईंच्या वळणदार अक्षरात जे लिहिले होते तेही त्यांनी त्याच भरदार आवाजात वाचिले, "हे वाक्य यंदा लागू नाही. बाकी शुद्ध."

शेठजी थांबिले. कागद खाली केला, वर केला, पुन्हा पाहिला. बाया रडावयास पदर उचलून बसल्या होत्या, त्या पदर तसाच धरून राहिल्या. शेठजींनी बाईंकडे पाहिले. बाई, चूक सापडलेल्या मुलाने पाहावे तसे, खाली पाहत होत्या, जणू रेघ मारिली हा अपराध त्यांचाच. "म्या वाचलं न्हवतं," शेठजी म्हणाले, आणि हा आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, दुकानात उधारी मागणाऱ्या माणसाचा होता. मग म्हणाले, "मला न्हाई यायचं ह्ये भाशान." आणि टोपी काढून, घडी करून, मांडीवर ठेवून खाली बसले. माणिकशेठ दळवी बोलता बोलता मधेच खाली बसले, ऐसे राज्याच्या इतिहासात आजवर घडले नव्हते.

टाळी कोणी वाजविली नाही. सुभेदार घड्याळ पाहून म्हणाले, ठीक, भाषण जाहले ऐसे धरू, आता शाल. शाल कोणापाशी, तर सोनाक्कापाशी. तिने ती घडी करून खाली घातली आणि तीवर बसली. सुभेदार म्हणाले, अहो, शाल. सोनाक्का म्हणाली, कंबर धरली, उठवत न्हाई. नारळ विचारिला, तो निरोपाच्या खिचडीत गेला होता, यंदा सकाळीच. सुभेदार चष्म्यावरून एकेकाकडे पाहू लागले, आणि मग त्यांनी नानांस विचारिले, सरपंचसाहेब, निरोप जाहला ऐसे लिहून देता ना? अवघ्या राज्याने नानांकडे पाहिले. आणि कोणाचेही मन न मोडणारे केरबानाना हात जोडून म्हणाले, "साहेब, झालाच न्हाई तर झाला म्हनून कसं लिवू? तुमचाच नियम हाय, तीन कलमं. भाषान अर्ध, शाल न्हाई, नारळ न्हाई."

सुभेदारांनी पिशवीतून नियमांची फाईल काढिली. वाचिली. आपलीच सही पाहिली, आपलाच शिक्का पाहिला. ती घटका मोठी कठीण होती आणि मुलांपैकी एकास उचकी लागली. मग सुभेदारांनी फाईल मिटली आणि प्रथमच किंचित हसले. म्हणाले, नियमाप्रमाणे निरोप नाही म्हणजे कंत्राट संपले नाही, कंत्राट संपले नाही म्हणजे ठराव धाडण्याची मुदतही संपली नाही, आणि मला या प्रकरणी काही अधिकार उरत नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "दवंडीस सात दिवस लागतात ना? मग आजच द्या." आणि चहा मागितला, साखर दोन चमचे.

दवंडी त्याच संध्याकाळी निघाली, आणि ती फिरविण्याचा मान माणिकशेठांनी मागून घेतिला. सात दिवसांनी सभा भरली. शेठजी उठिले तो मंडळींनी आपापले हात मांडीखाली दाबिले, की ऐकण्याआधी टाळी वाजावयास नको. शेठजी म्हणाले, "कमान ऱ्हाऊ द्या. पैसा शाळंला द्या. झालं." इतकेच. राज्यात त्यांचे सर्वांत आखूड भाषण ते. सोनाक्काने प्रथम हात सोडविले, आणि मग जी टाळी पडली ती ओढ्यापलीकडे ऐकू गेली. कोणी विचारिले, खणलेल्या खड्ड्यांचे काय? शेठजी म्हणाले, दोन कडुलिंब लावा, वर फांद्या भिडल्या की झाली कमान, आमच्या वडिलांना काही घाई न्हाई.

आणि ज्येष्ठ शुद्ध नवमीस, पंधरा जूनला, शाळा उघडली, आणि बाई दारात उभ्या. पहिलीस पोरे पाच आली, म्हणजे चौथीची चार गेली तरी पट एकाने वाढला, हेही सुभेदारांस कळविले. पाचही रडत होती. आणि आठ वर्षांच्या अनुभवी, चार इयत्ता एका फळ्यावर शिकविणाऱ्या मंजुळाबाई डोईफोडे यांस काही सुचेना. त्यांनी अ काढून दाखविला, ती अधिक रडली. बेरीज दाखविली, ती ओरडली. बाई घाबरून म्हणाल्या, "अक्का, यांचं काय करायचं असतं?" सोनाक्का पातेले उतरवून आली, म्हणाली, "काय नाय करायचं. बसायचं नुस्तं." मग बाई सतरंजीवर नुसत्या बसल्या. काही वेळाने ईश्वरी नावाची सर्वांत मोठ्याने रडणारी मुलगी सरकत सरकत आली आणि बाईंचे बोट धरून बसली, ते सोडीना. बाईंनी त्या दिवशीची हजेरी डाव्या हाताने मांडिली, ती अक्षरे आम्ही पाहिली आहेत, फार वाईट आली आहेत. दुपारी ईश्वरी बोट धरूनच निजली, तेव्हा सोनाक्काने चावडीत जाऊन शाल आणिली आणि तिच्यावर घातली.

येणेप्रमाणे एक निरोप न जाहला तो सांगितला. फलश्रुती इतकी, की पट एकोणीस जाहला, निम्मा पगार राज्य देते, बाईंचे कंत्राट अद्याप संपलेले नाही, कारण ते संपविण्यास लागणारी शाल आता शाळेत असते आणि मुले तीवर निजतात. तिला डांबरगोळ्यांचा वास येईनासा जाहला आहे. हे जसे जाहले तसे लिहिले, कानामात्रा बाईंनी तपासून दिल्या, आणि त्यांची स्तुती फार जाहली तेथे लाल रेघ मारिली होती, ती आम्ही जुमानली नाही.